सात वाजताची हजेरी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, घरात अंडं आणणार का. जैनाचं घर, तेव्हा तो अपेक्षितच होता. दुसरा मात्र आजवर मला कुठल्याच घरमालकानं विचारला नव्हता.

"सकाळी सातला जाग्या असता न्हवं?"

"असते की," मी म्हणाले. धादांत खोटं. माझी बँकेची नोकरी दहाची, आणि बदलीच्या गावात एकट्या बाईनं सातला उठून करायचं तरी काय?

"मग झालं. उद्यापास्नं हजेरी."

म्हातारा विनोदी दिसतोय, असं मनाशी म्हणून मी सामान हलवलं. दुसऱ्या दिवशी सातला पाच मिनिटं कमी असताना जिन्याच्या लोखंडी कठड्यावर किल्लीची टकटक झाली. "म्याडम, मोबाइल बघा."

बघितला. मला न विचारता एका ग्रुपात घातलेलं होतं. ग्रुपाचं नाव 'आपली गिरणी'. बरोबर सातच्या ठोक्याला तिथं एक ओळ उमटली, 'हजेरी. कोण कोण हजर?' आणि तिच्याखाली पटापट उत्तरं यायला लागली. हजर. हजर. हजर, अण्णा. हजर. मी अंथरुणात बसून डोळे चोळत तो प्रकार बघत राहिले. खालून पुन्हा टकटक झाली. मग मीही लिहिलं, हजर.

सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. सांगलीजवळच्या या माधवनगरात पूर्वी गिरणी होती आणि तिचा भोंगा होता, आणि अण्णा त्या गिरणीत टाइमकीपर होते. म्हणजे फाटकाशी बसून कोण आलं, कोण नाही आलं, ते मस्टरवर मांडायचं. गिरणी बंद पडली, भोंगा कुणीतरी भंगारात नेला, माणसं कुठं कुठं पांगली. अण्णांचं मांडणं तेवढं थांबलं नाही. पुतण्यानं मोबाइल घेऊन दिला, ग्रुप काढून दिला, आणि यांनी पांगलेली सगळी पाळी एकेक करून त्यात गोळा केली. पुढे त्यांची मुलं आली, जावई आले, कुणी फौजेत, कुणी पुण्यात, एक तर आखातात. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण म्हणून मीही त्याच पाळीत लागले.

मस्टर खरोखरचं होतं. लांबलचक, जाड पुठ्ठ्याचं. जुन्या तिकीट नंबरांप्रमाणे नावं, पुढे दिवसांची घरं. हजर असेल त्याच्या घरात निळी खूण. नसेल त्याच्या घरात लाल फुली, तिला ते खाडा म्हणत. तीन खाडे ओळीनं पडले की त्या माणसाला अण्णांचा फोन जायचा. कारण सांगावं लागायचं. 'नेट संपलं होतं' हे कारण चालायचं, 'कंटाळा आला' हेही चालायचं, पण सांगावं लागायचं.

या बाबतीत माणूस महाखडूस. गिरणी चालू असताना सख्खा मेव्हणा रेल्वेचं फाटक पडल्यामुळे पाव तास उशिरा आला, तर त्याचाही खाडा मांडला. बायको महिनाभर बोलली नाही. ताट वाढायची, पण भाकरी ताटात आदळायची. हे ते स्वतःच हसत हसत सांगत. मी म्हटलं, "अण्णा, मांडायची होती की हो एक निळी खूण. घरचाच माणूस."

हसू थांबलं. "म्याडम, मस्टरात खोटं लिवलं की माणूस कुठं हाय त्येच कळत न्हाई मग."

बायको गेली त्या दिवशी सातला हजेरी झाली नाही. त्या दिवसाच्या घरात सगळ्या पाळीपुढं काही नव्हतं, आणि स्वतःच्या नावापुढं त्यांनी लाल फुली मारली होती. ते पान मला त्यांनी एकदा दाखवलं. दाखवलं आणि लगेच उलटलं.

मदतीचं काम सुरू झालं ते या खाड्यांतूनच. एका विणकराचे तीन खाडे पडले, अण्णांनी फोन लावला, तर तो मिरजेच्या दवाखान्यात, ऑपरेशनला पैसे नाहीत म्हणून पडून. अण्णांनी दुसऱ्या दिवशी हजेरीच्या खाली लिहिलं, 'अमुक नंबर आजारी हाय. ज्येला जमंल त्येनं बघा.' एवढंच. संध्याकाळपर्यंत जमलं. मग कुणाच्या भावजयीचं, कुणाच्या गावातल्या शाळेच्या छपराचं, असं करत करत त्या ग्रुपाला वळणच पडलं. गावोगावची अनोळखी माणसंही अण्णांचा पत्ता शोधत यायला लागली.

त्यांची पद्धत मात्र ठरलेली. आधी स्वतः एसटीनं त्या घरी जायचं. सोबत गाळलेल्या पाण्याची बाटली. "चहा ह्या पाण्याचा करा बाई," म्हणून ती घरच्या बाईच्या हातात द्यायची. चहा होईस्तोवर घरातल्या प्रत्येकाचं नाव विचारायचं. आजाऱ्याचा फोटो काढायचा नाही. "हात पसरलेला फोटो एकदा फिरला की त्या माणसाला पुन्यांदा ताठ बसल्याला कुनी बघत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

आणि ज्यांनी ज्यांनी काही दिलं, त्यांना संध्याकाळी एकेकाला फोन. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं. मुलगी बेंगळुरात, तिचा फोन रविवारी. जेवल्यानंतर झोपेपर्यंतचा वेळ केवढा लांब असतो, ते मला त्यांच्या जिन्यावरून कळलं. सहाव्या पायरीवर बसून ते फोन लावत. जैनाला जयजिनेंद्र, मुसलमान विणकराला सलाम, फौजीला जयहिंद. मदतीचं बोलणं एका वाक्यात संपायचं. मग पाऊस पडला का, सून नांदायला आली का, गुडघा काय म्हणतोय. मी वरून ऐकायची. कधी कधी पुस्तक मिटून मुद्दाम ऐकायची, कारण माझ्या खोलीतही तेवढाच एक आवाज होता.

एकाला मात्र त्यांनी कधी फोन केला नाही. तो साताऱ्याचा जॉबर. जॉबर म्हणजे गिरणीत मागांवर देखरेख करणारा. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभा राहून पार बहिरा झालेला. बायको नाही, मुलगा दूर कुठंतरी. अण्णांचं आणि त्याचं गिरणीत वीस वर्षं भांडण, कुणाचा खाडा मांडायचा आणि कुणाचा नाही यावरून. आणि रोज सकाळी पहिलं 'हजर' त्याचंच. कधी कधी तर अण्णांची ओळ यायच्या आधीच.

"बघा, बघा," अण्णा चिडायचे, "पाळी सुरू व्हायच्या आदीच आत घुसतंय बेणं!" आणि निळी खूण करताना पेन जरा जास्तच दाबायचे.

"त्यांना काही ऐकूच येत नाही, मग तुमचं बोलणं कसं होतं?"

"कशाला व्हाया पायजे बोलनं? त्यो हजर म्हनतो. मला कळतं, हाय. बास."

माझ्या तिसऱ्या वर्षात उंब्रजची पोर आली. आई हायवेला भाजी घेऊन बसणारी, पोर बारा-तेरा वर्षांची, पाठीचा कणा एका बाजूला वाकत चाललेला. डॉक्टरांनी सांगितलेलं, लवकर ऑपरेशन केलं नाही तर फुप्फुसाला जागा उरणार नाही. मी आणि अण्णा उंब्रजला जाऊन आलो. गाळलेल्या पाण्याचा चहा झाला. पोरीनं कप दोन्ही हातांनी धरला होता आणि ती आमच्याकडे बघायला मान न वळवता सगळं अंग वळवत होती.

लागणारी रक्कम ग्रुपाच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा मी पुढे झाले. बँकेत काम करणाऱ्या माणसाला एक खाज असते, विस्कटलेलं काही दिसलं की ओळीत लावायची. मी पोरीच्या एक्स-रेचं पोस्टर केलं, थेट दवाखान्याच्या खात्यात पैसे जातील असा कोड टाकला, ज्यांना त्यांना पुढे पाठवायला सांगितलं. अण्णांकडून ग्रुपाची ॲडमिन झाले, नवी माणसं आणली. ती माणसं सकाळी मोबाइल उघडायची आणि त्यांना शंभर-दीडशे 'हजर' दिसायचे. माझं पोस्टर कुठल्या कुठं वर वाहून जायचं.

मी खाली गेले. अण्णा मस्टर मांडत बसले होते.

"अण्णा, थोडे दिवस ग्रुपात फक्त आपण दोघांनीच लिहायचं असं करता येतं. बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. या हजरच्या गलक्यात पोरीचा निरोप हरवतो हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजे त्येनी हजर म्हनायचं न्हाई?"

"म्हणता येणार नाही. थोडे दिवस."

ते मस्टरकडे बघत होते. मी घाईत होते, त्यामुळे किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही.

"पोरीचं काम व्हतंय न्हवं? मग करा बंद."

मी तिथंच उभ्या उभ्या बोटानं बंद केलं.

काम झालं. पैसे आले, माझ्या अंदाजापेक्षा लवकर आले, आणि ऑपरेशनही नीट पार पडलं. पोर सरळ उभी राहिली. तिच्या आईनं भाजीच्या पाटीतली सगळ्यात कोवळी मेथी एसटीच्या कंडक्टरबरोबर अण्णांना पाठवली.

त्यानंतर मी ग्रुप उघडायला विसरले, असं सांगणं सोपं आहे. मी विसरले नव्हते. मला तो बंद ग्रुपच आवडायला लागला होता. किती स्वच्छ! एक निरोप, एक कोड, काम फत्ते. पाठोपाठ दुसरं काम आलं, मग तिसरं. लोक माझं कौतुक करायला लागले. अण्णांनी एकदाच, जिन्याखाली चप्पल घालता घालता विचारलं, "थोडं दिस झालं का म्याडम?" मी म्हटलं, "एवढं एक काम होऊ दे." ते बरं म्हणाले. ग्रुपातले काही जुने लोक त्यांना फोन करून तक्रार करायचे, तेव्हा "गप बसा गड्या, पोराबाळांची कामं व्हत्यात," असं ते सांगत, हे मी वरून स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. हळूहळू ते फोनही कमी झाले. पैसे कोण देतं ते आता त्यांना कळत नव्हतं, रक्कम परस्पर दवाखान्याच्या खात्यात जायची. मग संध्याकाळी फोन तरी कुणाला करणार? सहाव्या पायरीवर ते नुसतेच बसलेले असत.

हजेरी मात्र त्यांनी सोडली नाही. रोज सातला ती ओळ यायची, 'कोण कोण हजर?' आणि खाली काही नाही. मला वाटायचं, सवय आहे म्हाताऱ्याची, राहू दे.

मग माझी साताऱ्याला बदली झाली. निघताना त्यांनी जॉबरच्या घराचा पत्ता कागदावर लिहून दिला. "तुमी तितंच ऱ्हानार. एकडाव जाऊन बघून या. त्येला फोन न्हाई कळत, आन् आता त्येचं हजर बी येत न्हाई." मी कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

साताऱ्यात दर तीन-चार दिवसांनी त्यांचा फोन यायचा. "बऱ्या हाय न्हवं?" मी बरी असायची. "जॉबरकडं गेला व्हता का?" या रविवारी जाते, अण्णा. रविवारी कपडे असायचे, झोप असायची, आणि खरं सांगायचं तर काहीच नसायचं. माझी खोली ते त्याचं घर, रिक्षानं दहा मिनिटं. सात-आठ महिने मी या रविवारी जाते म्हणत राहिले.

एका सकाळी बँकेत फोन आला. "म्याडम, मी सातारच्या स्टँडवर हाय."

मी रजा टाकून धावले. अण्णा बाकावर बसलेले. धोतर, टोपी, पाण्याची बाटली, काखेत पिशवीत गुंडाळलेलं मस्टर. इतके महिने न बघितल्यामुळे असेल, पण मला ते फार लहान दिसले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. "कागद हाय न्हवं?" एवढंच विचारलं त्यांनी. कागद पर्समध्ये तसाच होता.

जॉबरच्या दाराला कुलूप होतं. शेजारची बाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "आवं, म्हातारबाबाला जाऊन दीड म्हयना झाला. ल्योक आल्ता, समदं उरकून गेला. तुमी कोन त्येंचं?"

अण्णा पायरीवर बसले. "मी टाइमकीपर," ते म्हणाले.

बाईला काही कळलं नाही. पण बोलायला माणूस मिळालं म्हणून ती सांगत सुटली. म्हातारा लय गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "पर शेवटाला त्या मोबाइलनं लय जीव खाल्ला बगा त्येंचा. रोज सकाळी हितंच ह्या पायरीवर बसायचं, चष्मा घालून. मला म्हनायचं, माझं हजर जात न्हाई गं, बघ की जरा. मला मेलीला काय कळतंय त्यातलं? दुकानात बी घेऊन गेल्तं दोनदा. दुकानवाला म्हनला, फोनला काय न्हाई झालं. तरी रोज आपलं बोटानं दाबत बसायचं. म्हनायचं, तितं माझा खाडा पडंल."

दहा मिनिटांचं अंतर. एकदा गेले असते तर त्याला सांगता आलं असतं की फोन चांगला आहे, तुम्हीही चांगले आहात, दार मी लावलंय. नुसतं एक बोट फिरवलं असतं तरी त्याचं हजर गेलं असतं.

अण्णांनी पिशवीतून मस्टर काढलं, मांडीवर उघडलं. गेल्या कित्येक महिन्यांची पानं मी पहिल्यांदाच बघत होते. नजर पडली तिथं सगळी घरं रिकामी. निळी खूण नाही, लाल फुलीही नाही.

"खाडे नाही मांडले तुम्ही?" मी कसंबसं विचारलं.

"येऊच दिलं न्हाई, त्येचा खाडा कसा मांडायचा?"

मग त्यांनी जॉबरच्या नंबरावर बोट ठेवलं, खिशातून निळं पेन काढलं आणि खूण केली. पुढच्या घरात दुसरी. सावकाश, एकही घर न वगळता. पान संपलं की उलटायचं, तोच नंबर शोधायचा, पुन्हा सुरू करायचं. शेजारीण शेंगा फोडायची थांबली. ज्या माणसानं सख्ख्या मेव्हण्याला पाव तासाची सूट दिली नव्हती, तो ओळीनं हजेरी मांडत होता, आणि त्यात एकही खूण खोटी नव्हती.

शेवटच्या पानाशी ते थांबले. "कंच्या दिवशी गेला?"

बाईनं सांगितलं.

"सकाळी का सांजंचं?"

"दुपारी वो. जेवून पडलं व्हतं."

"मग त्या दिशी बी हजर," म्हणून त्यांनी शेवटची खूण केली आणि पेन उगाच जरा दाबलं.

तेव्हा माझी नजर पानाच्या तळाशी गेली. शेवटचं नाव माझं. सगळ्या पानावर लाल शाई तेवढ्या एका ओळीत होती. प्रत्येक घरात फुली. अण्णा सोडले तर मी एकटीच अशी होते की जिला रोज सकाळी लिहिता येत होतं. बाकी सगळ्यांना मी बाहेर ठेवलं होतं, आणि आत असून मी एकदाही हजर म्हटलं नव्हतं. दर तीन फुल्यांनंतर समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'फोन केला. बऱ्या आहेत.'

अण्णांनी ते पान माझ्यापासून लपवलं नाही आणि मला दाखवलंही नाही. पेनला टोपण लावलं, मस्टर पिशवीत घातलं, गुडघ्यावर हात टेकून उठले.

"सांगलीची गाडी कवा हाय बघा म्याडम," ते म्हणाले. दिवस मावळायच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं, जेवायला.